उचलीचं उदाहरण

दिवाळी झाली की आमच्या शाळेचा पट अर्धा होतो. बीड जिल्ह्यातल्या तांड्या-वस्त्यांवर हे नवीन नाही. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. ज्यांना सांभाळायला घरी आजी-आजोबा आहेत ती मुलं मागे राहतात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, आणि उरलेली आईबापांबरोबर गाडीत बसून जातात, तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं शिक्षण हमी कार्ड घेऊन. मार्च-एप्रिलमध्ये ती परत येतात तेव्हा चौथीच्या एकाच वर्गात चार पातळ्यांची मुलं बसलेली असतात. एक जण गोष्ट सलग वाचतो, दुसरा परिच्छेदापाशी थांबतो, एकीची जोडाक्षरं निसटलेली असतात आणि एकाला हातच्याची वजाबाकी आठवत नाही. शाळा द्विशिक्षकी, इयत्ता चार.

गेल्या एप्रिलमध्ये अशाच मुलांसाठी मी एआयकडून गणिताचे स्वाध्याय तयार करून घ्यायला बसले. 'ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या अनुभवातली, चौथीच्या पातळीची वीस शाब्दिक उदाहरणं दे,' असं मराठीत लिहिलं. मिनिटाच्या आत वीस उदाहरणं समोर आली. त्यांत मोळ्या होत्या, बैलगाडी होती, टनाचा भाव होता. पाठ्यपुस्तकातल्या बागेपेक्षा आणि फळांच्या दुकानापेक्षा ही मुलांना जवळची वाटणार, म्हणून मला बरं वाटलं. मग अकरावं उदाहरण वाचलं. 'एका मजुराने मुकादमाकडून ५०,००० रुपये उचल घेतली. हंगामात त्याने ३२,५०० रुपये फेडले. तर किती उचल बाकी राहिली?'

गणित म्हणून त्यात काहीच चुकीचं नव्हतं. संख्या पाच अंकी, वजाबाकी हातच्याची, भाषा सोपी, उत्तर १७,५००. पण हे उदाहरण सोडवायला मी फळ्यापाशी कुणाला बोलावणार होते? ज्याच्या घरात रात्री हाच हिशेब चालतो, उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, ती फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जायचं ठरतं, त्या मुलाला? घरी कुजबुजत बोलली जाणारी गोष्ट मी त्याला चाळीस डोळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावणार होते. मी ते उदाहरण काढलं. बाकीच्या एकोणिसांपैकी आणखी पाच काढली, चार दुरुस्त केली, आणि दहा होती तशी ठेवली.

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते त्या अकराव्या उदाहरणातून आलं आहे. शिक्षकाने वर्गासाठी साहित्य तयार करताना एआय जरूर वापरावं. मी वापरते आणि वापरणार आहे. पण वर्गात कोण बसलं आहे हे यंत्राला माहीत नसतं, त्यामुळे निवड शिक्षकाचीच असते. ही निवड करायला वेळ लागतो, तो वेळ शिक्षकाला मिळाला पाहिजे, आणि तो मागून घेण्याची भूमिका आपण शिक्षकांनी आता घ्यायला हवी.

आधी फायद्याचं बोलते, कारण फायदा खरा आहे. बहुवर्ग अध्यापनात एकाच घटकाचे तीन-चार स्तरांचे स्वाध्याय लागतात. पूर्वी मी ते हाताने लिहून झेरॉक्स काढायचे. दोन संध्याकाळी जायच्या, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच आठवड्यांत त्या मिळायच्याच नाहीत. मग सगळ्या मुलांना एकच कागद जायचा. ज्याला येतं तो पाच मिनिटांत मोकळा, ज्याला येत नाही तो तासभर पेन्सिल चघळत. आता तीन स्तरांचा मसुदा वीस मिनिटांत मिळतो आणि तपासायला साधारण पाऊण तास लागतो. हंगामावरून परतलेल्या मुलीच्या हातात त्याच दिवशी तिच्या पातळीचा कागद पडतो. तिच्यासाठी तो दिवस वाया जात नाही. म्हणून 'शिक्षकाने एआयला हात लावू नये' असं कुणी म्हणतं तेव्हा मला ती मुलगी डोळ्यांसमोर दिसते. घरी प्रिंटर आणि शिकवणी असलेल्या मुलांच्या शाळेत बसून अशी बंदी सुचवणं सोपं आहे.

आता तो पाऊण तास कशात जातो ते सांगते.

सगळ्यात जास्त वेळ भाषेत जातो. ही यंत्रं प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर तयार झालेली आहेत. मराठीचा वाटा त्यात फार लहान आहे, हिंदीचा त्याहून मोठा, आणि दोन्हींची लिपी एकच. त्यामुळे मराठी मागितलं तरी मधूनच हिंदीची परिभाषा सांडते. आपल्याकडे काटकोन, तिथे समकोण. आपला लघुकोन तिथे न्यूनकोण, आपला छेद तिथे हर, आपलं वस्तुमान तिथे द्रव्यमान, आपलं बहिर्वक्र भिंग तिथे उत्तल लेन्स. ही चूक निदान दिसते तरी. जास्त घातक चूक न दिसणारी असते. मूळ संख्यांवरच्या एका स्वाध्यायात मला 'भाज्य संख्या ओळखा' असा प्रश्न मिळाला. हिंदीत मूळ संख्येला अभाज्य आणि संयुक्त संख्येला भाज्य म्हणतात. मराठी शाळेतल्या मुलाला मात्र भाज्य म्हटलं की भागाकार आठवतो: भाज्य, भाजक, भागाकार, बाकी. शब्द ओळखीचा, लिपी ओळखीची, आणि अर्थ पूर्ण दुसरा. घाईत तपासणाऱ्याच्या नजरेतून हे सहज सुटतं. मग मूल तो प्रश्न सोडून देतं आणि आपण त्याच्या नावापुढे 'संकल्पना स्पष्ट नाही' असं लिहितो.

मुलांना कोणते शब्द द्यायचे हा प्रश्न आपण महाराष्ट्रात किती गांभीर्याने घेतो ते २०१९ मध्ये दिसलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बत्तीस यांच्याबरोबर 'वीस एक', 'तीस दोन' अशी वाचनपद्धत आली. जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाने बोलली जाणारी संख्यानामं लहान मुलांना अवघड जातात, असं मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या गणित समितीचं म्हणणं होतं. त्यावर वर्तमानपत्रांत, दूरदर्शन वाहिन्यांवर, विधिमंडळात चर्चा झाली. कुणी बाजूने बोललं, कुणी कडाडून विरोधात. मला त्या वादात समितीचं म्हणणं बरंचसं पटलं होतं, पण तो मुद्दा इथे वेगळा. सात वर्षांच्या मुलाने एकवीस कसं म्हणावं यावर एक अख्खं राज्य बोललं, आणि ते योग्यच होतं. आज तशा शेकडो निवडी रोज रात्री शिक्षकांच्या मोबाईलवर होताहेत. काटकोन की समकोण, छेद की हर, हे एक यंत्र परस्पर ठरवतं आणि सकाळी ते वर्गात पोचतं. त्यावर वाद होत नाही, कारण ते कुणाला दिसतच नाही.

यावर मला एक उपाय सापडला आहे आणि तो बऱ्यापैकी चालतो. मोकळा प्रश्न विचारण्याऐवजी मी बालभारतीच्या पुस्तकातल्या त्या घटकाची पानं आधी देते आणि 'फक्त याच पानांतले पारिभाषिक शब्द वापर, याबाहेरची माहिती घालू नको' असं सांगते. पुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. असं केल्यावर चुका कमी होतात. संपत मात्र नाहीत.

दुसरा वेळ जातो स्वाध्याय सोडवण्यात. माझा नियम असा आहे की मी स्वतः पेन घेऊन सोडवलेला नाही असा कागद मुलाच्या हातात द्यायचा नाही. नुसतं वाचून भागत नाही. हातच्याच्या वजाबाकीची दहा उदाहरणं मागितली होती. वाचताना सगळी ठीक वाटली. सोडवायला बसले तेव्हा कळलं की तीन उदाहरणांत हातचा घ्यावाच लागत नाही, आणि ५०३ वजा २६७ सारखं, मधे शून्य असलेलं एकही उदाहरण नाही. मुलं नेमकी तिथे अडतात. ५२ मधून २७ वजा करताना वरच्या दोनातून खालचे सात जात नाहीत म्हणून मूल सातातून दोन वजा करतं आणि ३५ लिहितं. ही चूक वर्गात वर्षानुवर्षं पाहिलेल्या शिक्षकाला संख्या कशा निवडायच्या ते कळतं. चूक बाहेर यावी म्हणूनच त्या निवडायच्या असतात. यंत्र विषयाला धरून संख्या देतं. चूक कुठे दडली आहे ते शोधायचं काम उरतंच.

चित्रांचीही तीच गत. तिसरीला घड्याळ शिकवताना मी तीन वाजून चाळीस मिनिटं दाखवणारं चित्र मागितलं. पुन्हा पुन्हा दहा वाजून दहा मिनिटंच आली. जाहिरातींतली घड्याळं जवळजवळ सगळी त्याच वेळेवर लावलेली असतात आणि यंत्र तेच पाहून शिकलेलं असतं. बाराखडीच्या चित्रतक्त्यात तर अक्षरं मोडलेली होती, काना एकीकडे आणि वेलांटी तिसरीकडे. पहिलीतल्या मुलाला अक्षराचा आकार पहिल्यांदा दिसतो तो अशा तक्त्यावर. त्याला मोडकं अक्षर दाखवण्यापेक्षा फळ्यावर खडूने काढलेलं साधं 'क' कितीतरी चांगलं. घड्याळासाठी मी शेवटी पुठ्ठ्याचं घड्याळ आणि टाचणीवर फिरणारे काटे घेतले. मुलांनी ते हाताने फिरवले, जे कागदावरच्या चित्रात करताच आलं नसतं.

मराठीच्या तासाला आणखी काळजी घ्यावी लागते. झाडांवर एखादा अभंग मागितला की हे यंत्र अभंगासारखं काहीतरी रचून शेवटी 'तुका म्हणे' लावून देतं. यमक जुळतं, ओळी गोड लागतात, आणि गाथेत त्याचा मागमूस नसतो. शिक्षकांचे व्हॉट्सॲप गट किती वेगाने चालतात हे आपल्याला ठाऊक आहे. एका शाळेत तयार झालेली पीडीएफ संध्याकाळपर्यंत तालुक्यात आणि आठवड्यात जिल्ह्याबाहेर जाते. पूर्वी एखाद्या शिक्षकाची चूक त्याच्या फळ्यापुरती असायची, दुसऱ्या दिवशी पुसली जायची. आता ती शेकडो वह्यांत उतरते. म्हणून मला वाटतं, की असं साहित्य गटावर टाकताना दोन गोष्टी लिहायलाच हव्यात: हे एआयच्या मदतीने केलं आहे, आणि ते कुणी तपासलं आहे. तपासलं नसेल तर पुढे पाठवू नये. संतांच्या नावावर खोटी रचना मुलांना पाठ करायला देण्याची चूक आपल्या हातून तरी होता कामा नये.

घरच्या भाषेच्या बाबतीत तर मी आता हे साधन बाजूलाच ठेवते. आमच्या तांड्यावरच्या मुलांची भाषा गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली. पहिलीत आलेल्या मुलांसाठी गोरमाटीत छोटी गोष्ट मागितली तेव्हा यंत्राने नकार दिला नाही. आत्मविश्वासाने एक गोष्ट लिहून दिली. ती मी एका मुलीच्या आईला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, 'मॅडम, हे आमचं नाही.' मग तिनेच तिच्या सासूकडून ऐकलेली एक गोष्ट सांगितली. मी ती देवनागरीत उतरवून घेतली, तिला वाचून दाखवली, तिने चार शब्द दुरुस्त केले. त्या चार ओळी वाचताना मुलांचे चेहरे जसे उजळले तसे मी त्या वर्षात दुसऱ्या कुठल्या साहित्याने उजळलेले पाहिले नाहीत.

आता ज्या वापराला माझा ठाम विरोध आहे त्याकडे येते. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. प्रत्येक मुलाला वर्षभर पाहून, त्याच्या प्रगतीबद्दल शिक्षकाने आपल्या शब्दांत लिहावं, अशी त्यामागची कल्पना. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात काही वर्षांतच तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या: 'गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो', 'कविता तालासुरात म्हणते'. आता एआयमुळे त्या याद्यांचीही गरज राहिली नाही. मुलांची नावं टाकली की प्रत्येकाची वेगळी, सुबक नोंद मिळते. ती नोंद मुलाकडे एकदाही न पाहता लिहिलेली असते आणि वाचणाऱ्याला ते कळतही नाही. स्वाध्याय चुकला तर उद्या दुरुस्त करता येतो. पण मुलाबद्दल लिहिणं म्हणजे मुलाकडे बघणं. ते बघणंच टाळलं तर मग आपण वर्गात कशासाठी उभे आहोत? मुलांच्या कामगिरीचं मूल्यमापन करणाऱ्या एआय प्रणालींना युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने अति-जोखमीच्या गटात टाकलं आहे, ते उगाच नाही.

त्या नोंदींबरोबर आणखी एक गोष्ट बाहेर जाते. मुलाचं नाव, इयत्ता, कधी जात, कधी आजार, कधी 'वडील व्यसनी आहेत, मूल अनियमित' असं वाक्य. शिक्षक हे चांगल्या हेतूने लिहितात, मदत मिळावी म्हणून. पण ते कुठल्यातरी कंपनीच्या संगणकावर जाऊन बसतं. वैयक्तिक विदेच्या, म्हणजे डेटाच्या, संरक्षणाचा २०२३ चा भारतीय कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. हंगामावर गेलेल्या, अंगठा उठवणाऱ्या बापाची संमती आपण कधी विचारली? दिव्यांग मुलांच्या बाबतीत तर ही जबाबदारी दुप्पट आहे. मला त्या मुलासाठी साहित्य हवं असेल तर 'चौथीतल्या, अक्षर मोठं लागणाऱ्या मुलासाठी' एवढं लिहिलं तरी काम होतं. नाव लिहायची गरज कधीच पडत नाही.

इतकं वाचून कुणी म्हणेल की एवढी तपासणी करायची तर हातानेच का लिहू नये? हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारला आहे. काही घटकांसाठी उत्तर 'हातानेच लिही' असं आहे. वर्षाच्या सुरुवातीला कोण कुठे आहे हे शोधण्याचे प्रश्न मी हातानेच काढते, कारण ते काढता काढताच मुलं मनात उलगडत जातात. नव्या शिक्षकांनाही मी हेच सांगेन की पहिली दोन वर्षं निदान गणिताचे आणि भाषेचे प्रश्न स्वतः काढा. ज्याने शंभर वाईट प्रश्न स्वतः लिहून वर्गात आपटताना पाहिलेले नाहीत, त्याला यंत्राचा वाईट प्रश्न ओळखता येणार नाही. पण सरावासाठी तीन पातळ्यांवर चाळीस-चाळीस उदाहरणं लागतात, तिथे मसुदा यंत्राचा आणि निवड माझी ही वाटणी मला मान्य आहे.

या वाटणीला लागणारा वेळ कोण देणार, यावर मात्र कुणी बोलत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की २०२६-२७ पासून तिसरीपासून पुढे एआयचं शिक्षण सुरू होणार. प्रशिक्षणं होतील, ऑनलाइन प्रमाणपत्रं मिळतील. माझी भीती प्रमाणपत्रांबद्दल नाही. 'एआय वापरून किती पाठ तयार केले त्याची माहिती लिंकवर भरा' असा आदेश येईल, ही भीती आहे. मतदार याद्या, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी, निरनिराळ्या ॲपवर टाकायचे फोटो, यांतून उरलेल्या वेळात शिक्षक पाठ टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, लिहितो. आजच कितीतरी टाचणं एआयने लिहिलेली आणि छापून फाईलला लावलेली असतात. तपासणाऱ्याला जाड फाईल हवी असते आणि ती मिळते. अशा ठिकाणी यंत्राने वाचवलेला तास मुलापर्यंत पोचतच नाही, तो पुढच्या लिंकमध्ये जातो. आणि दमलेला शिक्षक पाऊण तासाची तपासणी सोडून देतो. भाज्य संख्या तशीच वर्गात जाते. दोष त्याचा एकट्याचा मानायला मी तयार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दहा-बारा शाळांच्या गटाला आमच्याकडे केंद्र म्हणतात; त्या केंद्रस्तरावर शिक्षकांच्या शिक्षण परिषदा होतातच. त्यांतला सूचना वाचून दाखवण्याचा वेळ कमी करा आणि एक तास आम्हाला एकमेकांचं साहित्य तपासायला द्या. दहा-बारा शाळांचे शिक्षक, प्रत्येकाने एआयकडून करून घेतलेला एक स्वाध्याय, हातात पेन. ऊसतोडीच्या पट्ट्यातला शिक्षक काय काढेल आणि बाजारगावातला काय ठेवेल हे एकमेकांना दिसू द्या. गणितात पक्का असलेला भाषेतल्या चुका शिकेल, भाषेचा शिक्षक हातच्याच्या खोड्या शिकेल. यासाठी नवा निधी लागत नाही, नवं ॲप लागत नाही.

ते अकरावं उदाहरण मी पुसून टाकलेलं नाही, वेगळं ठेवलं आहे. चौथीला ते द्यायचं नाही हे मी ठरवलं. पण सातवी-आठवीत, नागरिकशास्त्राच्या तासाला, व्याज आणि कर्ज शिकून झाल्यावर, ते मुलांपुढे ठेवावं का? उचल का फिटत नाही हे त्या मुलांनीच आकड्यांत मांडून पाहावं का? एका सहकाऱ्याला वाटतं की हो, मुलांना हे कळायलाच हवं. दुसरी म्हणते की घरची लाज वर्गात आणू नये. पुढच्या शिक्षण परिषदेला मी ते उदाहरण बरोबर घेऊन जाणार आहे.